भयानक रस आणि आपली अभिरुची

वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याच्या आवडीचे ग्रंथ कोणते असे विचारले, तर तो सहसा खोटे बोलत नाही. पण काही नावे सांगावयाची राहून जातात. या राहून जाणाऱ्या नावांत भयकथांचा भरणा मोठा असतो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत तरी अनेक वर्षे असेच घडत आले. नारायण धारप (१९२५–२००८) यांची कादंबरी वाचनालयातून आणावयाची, रात्री जागून ती संपवावयाची आणि सकाळी वर्गात मर्ढेकरांच्या कवितेवर बोलावयाचे, असा क्रम होता. या दोन वाचनांत काही विसंगती आहे असे कधी वाटले नाही. एक सांगण्याजोगे आणि दुसरे न सांगण्याजोगे, एवढाच फरक मनात होता. हे दुसरे वाचन उघडपणे मांडावे, त्याचे गुणदोष तपासावेत आणि भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात त्याला जागा मागावी, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

भयाला आपल्या काव्यशास्त्राने नाकारले आहे असे कोणी म्हणणार नाही. भरताने भयानक हा स्वतंत्र रस मानला, त्याचा वर्ण काळा सांगितला, बीभत्सातून त्याची उत्पत्ती कल्पिली. ओसाड घर, अरण्य, घुबडाचे ओरडणे, विकृत आवाज हे त्याने नोंदविलेले विभाव आजच्या कोणत्याही भयपटाच्या संहितेत जसेच्या तसे सापडतील. परंतु त्याच भरताने भय या भावाविषयी आणखी एक विधान केले आहे, आणि त्याची चर्चा आपण फारशी करीत नाही. भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांच्या ठिकाणी संभवते, असे तो म्हणतो. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने भ्यावयाचे नाही. गुरू किंवा राजा यांच्यापुढे भ्यायल्याचे दाखविले तर तो विनयाचा भाग. भयकथेला आपल्या समीक्षेत जे गौण स्थान मिळाले, त्याचे मूळ मला येथे दिसते. जो भाव उत्तमांचा नव्हे, त्याचे वाङ्मय तरी उत्तम कसे असेल, अशी ही न बोललेली धारणा आहे.

याउलट एक वाट अभिनवगुप्ताने दाखवून ठेवली आहे. रसास्वादाचे स्वरूप समजावून सांगताना त्याने उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरिणाचे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि हरीण मागे वळून पाहत धावते आहे. प्रेक्षकाला येणारा अनुभव ‘मी भ्यालो’ असाही नसतो आणि ‘ते हरीण भ्याले’ असाही नसतो. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडलेले निखळ भय तेवढे उरते. रससिद्धांताचा एवढा मोठा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी आचार्यांनी भयाचे उदाहरण निवडले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याहूनही महत्त्वाचे हे की, रथात राजा आहे, नाटकाचा नायक आहे, आणि तरीही त्या क्षणी सहृदयाचे मन हरिणाच्या बाजूला आहे. भयानक रसाची खरी शक्ती मला यात दिसते. तो आपल्याला शिकाऱ्याच्या रथातून उतरवितो आणि शिकारीच्या कातडीत बसवितो.

लोकपरंपरेतील भुतांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे भरताच्या विधानाला एक वेगळाच अर्थ येतो. काही वर्षांपूर्वी वर्गात मी मुंजाची कल्पना समजावून सांगत होतो: मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वीच मृत्यू आलेला ब्राह्मणाचा मुलगा, पिंपळावर राहणारा, संसाराची वासना अपुरी राहिलेला. त्यावर एका बंगाली विद्यार्थ्याने ब्रह्मदैत्य आणि शंखाच्या बांगड्या घालणारी शाकचुन्नी यांची माहिती दिली. एका मलयाळी विद्यार्थिनीने वाटसरूकडे चुना मागणाऱ्या यक्षीची गोष्ट सांगितली. मग कोणीतरी बाळंतपणात मेलेल्या बाईच्या भुताचा विषय काढला, आणि जवळजवळ प्रत्येक भाषेत तिच्यासाठी शब्द आहे असे आढळून आले. मराठीत ती हडळ किंवा अळवंतीण. तासभर चाललेल्या त्या चर्चेच्या शेवटी फळ्यावर जी यादी तयार झाली, ती भुतांची होती खरी. पण तिच्यात प्रत्येकाची जात, वय आणि वैवाहिक स्थिती नोंदलेली होती. अपुऱ्या आयुष्यांची ती खानेसुमारीच होती. शास्त्राने ज्यांना भिणारे ठरविले, त्यांतील कितीतरी माणसे मेल्यानंतर भिवविणारी झाली आहेत. जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही, तिचे मेल्यावर सर्वांना ऐकावे लागते.

रवींद्रनाथांची ‘कंकाल’ ही कथा मला या कारणासाठी प्रिय आहे. शरीरशास्त्र शिकविण्यासाठी खोलीत टांगलेल्या सांगाड्याची मालकीण रात्री येते आणि आपली कहाणी सांगू लागते. ती बालविधवा आहे. ज्या हाडांची नावे विद्यार्थ्याने पाठ केली, त्यांवर एके काळी रूप होते, यौवन होते, इच्छा होती, हे ती त्याला ऐकविते. येथे अंगावर काटा येतो तो सांगाड्यामुळे नव्हे. एका बाईचे सगळे आयुष्य अस्थिविद्येच्या धड्याइतके उरले, या जाणिवेने येतो. वैकोम मुहम्मद बशीर यांच्या ‘नीलवेळिच्चम्’ या कथेत याच्या पुढची पायरी आहे. पछाडलेल्या घरात राहावयास आलेला लेखक तेथील मृत तरुणीशी शेजारधर्माने बोलू लागतो. या कथेवरून १९६४ साली निघालेला ‘भार्गवी निलयम्’ हा ए. विन्सेंट यांचा चित्रपट पाहताना भय हळूहळू अदबीत रूपांतरित होते. भुताशी सभ्यपणे वागणारा नायक मी तरी अन्यत्र फारसा पाहिला नाही.

आता मराठीकडे वळू. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक जाहीर झाले. त्यांच्या कथांतील काळोखाला समीक्षकांनी नियती, अस्तित्व, मानवी असहायता अशी भारदस्त नावे दिली आणि ती योग्यच होती. परंतु त्याच सुमारास धारप आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) जे लिहीत होते, त्याला ‘रंजन’ हा एकच शब्द पुरेसा मानला गेला. या तिघांची प्रतिभा एकाच तोलाची होती असा माझा दावा नाही. धारपांची भाषा कित्येकदा घाईची आहे, आणि त्यांचा ‘समर्थ’ संकटात धावून आला म्हणजे वाचकाला फार लवकर सुरक्षित वाटू लागते. हरीण वाचणार हे आधीच ठाऊक असले तर भय उरते कोठे? मतकरींच्या गूढकथांत असा त्राता बहुधा नसतो. मध्यमवर्गीय घरातील ओळखीच्या माणसाच्या मनातच काळोखाची खोली उघडते. म्हणून त्या दोघांत मी मतकरींना वरचे स्थान देतो. पण अशी प्रतवारी लावण्यासाठी आधी वाचावे लागते, आणि न वाचता केलेली उपेक्षा ही समीक्षा नव्हे.

धारपांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो तो परकीय कथांच्या उसनवारीचा. आक्षेप खरा आहे. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग यांच्या ‘ग्रामा’ (१९८४) या कथेवरून घेतलेली आहे. मूळ ऋण स्पष्टपणे न सांगता असे लिहिणे आज आपण मान्य करणार नाही, आणि करूही नये. तथापि भाषांतराच्या अभ्यासकाने निवाडा देऊन थांबू नये. पुढे काय घडले तेही पाहावे. आजारी आजी आणि तिच्याजवळ घरात एकटा राहिलेला मुलगा, हा किंग यांच्या कथेचा गाभा. तो मराठीत आला तेव्हा त्याच्या भोवतालचे सगळे संदर्भ पालटले. ज्या घरात गोष्ट सांगणारी, अंगाई म्हणणारी, रामरक्षा शिकविणारी व्यक्ती म्हणजे आजी, त्या घरात आजीचेच भय वाटणे हा आघात निराळा आहे.

या धाग्याचे पुढले टोक म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट. मित्राच्या तोंडून ऐकलेली धारपांची गोष्ट त्याच्या मुळाशी आहे, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून सुचलेले. अमेरिकन कथा, मराठी रूपांतर, कोकणची कादंबरी आणि हिंदी चित्रपट असा हा प्रवास कोणत्याही तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकविण्याजोगा आहे. चित्रपटाचे कथानक १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. साखळीने जखडलेली, मरण न येणारी म्हातारी पहिल्या भागात भीती घालते. पण चित्रपट संपतो तेव्हा भय तिचे उरत नाही. उरते ते वाड्यातल्या सोन्यासाठी देवीच्या गर्भात पुन:पुन्हा उतरणाऱ्या वंशजाचे, आणि बापाचा हावरेपणा शिकून घेणाऱ्या त्याच्या मुलाचे. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक प्रेक्षकवर्ग त्याला लाभला. अभिरुचीला कधी कधी सहा वर्षांचा अवधी द्यावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून संगणकावरील भयाचे खेळही मी पाहिले. त्यांपैकी ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) हा मला विशेष विचारार्ह वाटला. यात खेळणाऱ्याच्या हाती शस्त्र नसते. लपावे किंवा पळावे, एवढेच शक्य असते. अंधारात राहिले तर भान सुटू लागते आणि कंदील लावला तर राक्षसाला आपण दिसतो. खेळणारा येथे अक्षरश: हरीण होतो. मात्र अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेले साधारणीकरण येथे साधत नाही असे माझे मत झाले. भय ‘माझे’च राहते, हात घामेजतात, आस्वादाला अंतर उरत नाही. मी तो खेळ अर्ध्यावर सोडला, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. विद्यार्थ्यांचे म्हणणे वेगळे पडले: खेळ थांबविता येतो, हे ठाऊक असणे हेच ते अंतर. या मतभेदात रसचर्चेला नवा विषय मिळू शकेल.

येथवर आल्यावर एका गंभीर आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. ज्या देशात चेटकीण ठरवून बायकांना आजही मारले जाते, तेथे भुताखेतांच्या कथांचे कौतुक करावे काय? हा प्रश्न महाराष्ट्रात तर अधिकच जिव्हारी लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतरच त्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. ‘गोष्ट ती गोष्ट, तिचा विश्वासाशी काय संबंध’ असे म्हणून हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. संबंध आहे. एखाद्या बाईचे उलटे पाय दाखवून तिला जाळण्याचा आनंद देणारे चित्रपट मी पाहिले आहेत, आणि शेजारच्या प्रेक्षकांनी वाजविलेल्या टाळ्याही ऐकल्या आहेत.

म्हणूनच आवडनिवडीचा प्रश्न येथे केवळ आवडनिवडीचा राहत नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. गोष्ट संपल्यावर भय कोणाचे वाटते, हे पाहावे. हडळीचेच वाटत राहिले, तर कथेने आपल्याला शिकाऱ्यांच्या जमावात उभे केले असे समजावे. मग तिची रचना कितीही कुशल असो. तिला हडळ केलेल्या घराचे, गावाचे आणि रूढीचे भय वाटू लागले, तर कथेने हरिणाची बाजू घेतली. अंधश्रद्धेचा विरोधक आणि उत्तम भयकथेचा रसिक हे दोघे मग प्रतिपक्षी राहत नाहीत. रात्री गोष्टीतील भुताला भ्यावे आणि सकाळी गावातल्या बाईवर कोणी चेटकाचा आळ घेतला तर तिच्या बाजूने उभे राहावे, यात मला विसंगती दिसत नाही. पहिल्याने दुसऱ्याची तयारी होते, अशी माझी श्रद्धा आहे.

आपल्या विभागांनी याचा विचार करावा अशी विनंती आहे. एका सत्रात ‘कंकाल’, ‘नीलवेळिच्चम्’, मतकरींची एखादी गूढकथा आणि ‘तुंबाड’ एकत्र शिकविता येतील. बरोबर नाट्यशास्त्राचे सहावे आणि सातवे अध्याय ठेवता येतील. त्यासाठी नवा निधी लागणार नाही, नवी इमारतही लागणार नाही. आपण रात्री काय वाचतो हे एकमेकांना सांगण्याचे थोडे धैर्य मात्र लागेल. भय हा उत्तमांचा भाव नव्हे, या समजुतीतून अजून बाहेर न पडल्यामुळेच आपण ते टाळत आलो आहोत.