साँ-दोमिंग ते सुपे

शालेय इतिहासात १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती आणि इंग्लंडमधील औद्योगिक क्रांती या दोन घटना शेजारच्याच, पण एकमेकींशी अबोला धरलेल्या प्रकरणांत शिकवल्या जातात. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत तर अनेक वर्षे पहिली नववीत आणि दुसरी दहावीत होती. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दोहोंना मिळून ‘दुहेरी क्रांती’ म्हटले, म्हणजे फ्रान्समधील राजकीय उलथापालथ आणि ब्रिटनमधील उत्पादनपद्धतीतील बदल हे एकाच युगांतराचे दोन पैलू मानले. ही मांडणी मुख्यतः युरोपभोवती फिरते, आणि वर्गात दोन्ही क्रांतींमधला सांधा दाखवायचा तर युरोपबाहेर पडावे लागते.

कॅरिबियन समुद्रातील साँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, त्या वेळी सुमारे ५ लाख गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते व त्यांच्या कष्टांवर बोर्दो, नांत यांसारख्या बंदरांतले व्यापारी गब्बर झाले होते. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तेव्हा तो या लोकांना लागू करण्याचा बहुतेक सभासदांचा इरादा नव्हता; तो लागू करून घेतला तो ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव करणाऱ्या गुलामांनीच, आणि या लढ्याला पुढे तूसाँ लूव्हर्त्यूरसारखा, स्वतः गुलामीत जन्मलेला, सेनानी लाभला. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये वसाहतींत तिला पुन्हा मान्यता दिली, पण साँ-दोमिंगवर धाडलेल्या त्याच्या फौजेची लढाईने आणि पीतज्वराने दाणादाण उडाली व १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे १८२५ मध्ये या देशाला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, आणि तीही राबलेल्यांसाठी नव्हे, तर मळे गमावलेल्या मालकांसाठी. स्वातंत्र्य, समता व बंधुता या त्रयीवर टीप लिहिताना एवढा तपशील पुस्तकात का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

साखरेची ही वसाहत हातची जाणार असे दिसू लागताच नेपोलियनला मिसिसिपीच्या पश्चिमेकडील लुइझियानाचा अफाट मुलूख सांभाळण्यात अर्थ उरला नाही आणि १८०३ मध्ये त्याने तो दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. या मुलखाच्या दक्षिण भागात कापूस पसरला, कारण एली व्हिटनीच्या १७९३ च्या जिनमुळे, म्हणजे रुईतून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रामुळे, आखूड धाग्याचा कापूसही परवडू लागला होता. यंत्र आले की कष्ट वाचतात, असे विद्यार्थी सहसा धरून चालतात. त्यांच्यापुढे ठेवावा असा आकडा म्हणजे अमेरिकेत १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत जवळजवळ ४० लाख झाले, कारण सरकी यंत्राने निघू लागली तरी बोंडे हातानेच वेचावी लागत होती.

हा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जाई. हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम आणि क्रॉम्प्टनचे म्यूल ही सूतकताईची यंत्रे ‘जोड्या लावा’साठी पाठ करून घेतली जातात, मात्र नऊ वर्षांखालील मुलांना सूतगिरणीत घेऊ नये असा कायदा १८१९ मध्ये होऊनही तो पाळला जातो की नाही हे पाहणारे सरकारी निरीक्षक १८३३ पर्यंत नेमलेच गेले नाहीत, हे क्वचितच सांगितले जाते.

१८५० च्या दशकाअखेर ब्रिटनचा सुमारे तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव चढले, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर मुंबईकरांनी पैसा उधळला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच हा सारा डोलारा कोसळला. दख्खनमध्ये तेजीच्या काळात सैल झालेली सावकारांची पत पुन्हा आवळली गेली, त्यातच फेरआकारणीने शेतसारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. त्याआधी दोनच वर्षे जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता, म्हणजे जगाच्या दोन टोकांमधला हा संबंध पुण्यातल्या एका लेखकाला तेव्हाच दिसत होता.

तरीही साँ-दोमिंगपासून सुप्यापर्यंतची साखळी अखंड आहे असे वर्गात भासवू नये. पुणे-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस हे काही मुख्य पीक नव्हते, त्यामुळे युद्धोत्तर मंदीचा या दंग्यांशी संबंध किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली सारा, भाव आणि सावकारी यांपैकी पहिले कोणते लिहायचे, यावर दहावीच्या वर्गात वाद झाला तर एक तासिका पुरणार नाही. दुसरी जोड्या लावण्याच्या सरावातून काढून घेता येते.