‘सर्व्हर स्लो’ म्हणजे नक्की किती?
डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. तरी अहिल्यानगरच्या १४ तालुक्यांत ‘सर्व्हर स्लो आहे’ हे वाक्य जुने झालेले नाही. पण स्लो म्हणजे किती? फाइल सर्व्हर मोजायला ‘स्पेक’ संस्थेची ‘स्पेकस्टोरेज सोल्युशन २०२०’ ही चाचणी आहे. तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कामाचा प्रकार, सुरुवातीचा लोड, टप्प्याटप्प्याने वाढवायचा लोड आणि क्लायंटचे माउंट पॉइंट भरावे लागतात. घरगुती चाचण्यांत गफलत वेगळीच होते. डेटा रॅममध्ये मावेल एवढाच घेतला, तर डिस्कऐवजी कॅशचा वेग मोजला जातो. आकडे मात्र झकास! म्हणून निविदेत नुसते ‘एमबी प्रति सेकंद’ मागू नये. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसाइतका लोड देऊन रिस्पॉन्स टाइम किती येतो, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.