आरागिरणी गेली, माप मात्र राहू द्या

वाचक मंडळी, तुमच्या पंचक्रोशीत पूर्वी एखादी आरागिरणी होती का? कुणी तिला लाकडाची गिरणी म्हणे, कुणी सॉ मिल. असेल, तर सवड काढून एकदा तिच्या जागेवर जाऊन या. जाताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आणि एखाद्या शाळकरी पोराला बरोबर घ्या.

पत्रे, खांब केव्हाच कुणीतरी नेलेले असतील. तरी गवत बाजूला सारलं की खुणा सापडतात. उभे बोल्ट असलेला सिमेंटचा चौथरा दिसला, तर तिथं ऑइल इंजिन बसवलेलं होतं असं समजा. शेजारचा हौद इंजिन गार ठेवण्याच्या पाण्याचा. जमिनीत लांबट खड्डा असेल, तर तिथं पट्टा-करवतीचं खालचं चाक फिरत असे. आणि पायाखाली माती मऊ, काळसर लागली, तर तो वर्षानुवर्षं कुजलेला भुसा. अशी पुरती कुजलेली माती खुशाल परसात टाका. ताजा भुसा मात्र शेतात थेट घालू नका. तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. शेणामुतात मुरवून मगच वापरावा.

आता बरोबरच्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. बांधावरची बाभूळ गाडीतून गिरणीवर जायची आणि तिचे नांगराचे, गाडीचे भाग होऊन परत यायचे. घर बांधायचं म्हटलं की तुळया, वासे, चौकटी तिथंच कापून मिळत. भुसासुद्धा वाया जात नसे. शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचं. त्या शेगडीवर कित्येक घरचा स्वयंपाक झाला आहे.

मग ही गिरणी गेली कशी? एक तर लाकडाचं काम लोखंडाकडे गेलं. नांगर लोखंडी झाला, गाडीला टायर आले, घराला सळई आणि सिमेंट आलं. दुसरं कारण कायद्याचं. निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध गोदावर्मन तिरुमलपाद यांनी 1995 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर 12 डिसेंबर 1996 रोजी आदेश झाला, की केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जंगलात कोणतीही आरागिरणी चालता कामा नये. पुढं 2002 साली बिनपरवाना गिरण्यांवर आणि नव्या परवान्यांवर आणखी बंधनं आली. जंगल वाचवायचं तर हे करणं भाग होतं, यात शंका नाही.

पण गिरणीबरोबर आपल्या हातची एक गोष्ट गेली, ती म्हणजे माप. आपलं लाकूड आपल्या डोळ्यांदेखत मोजलं आणि कापलं जाई, त्यामुळं एका ओंडक्यात किती माल निघतो हे घरातल्या पोरांनाही कळे. आता व्यापारी बांधावर येतो, उभ्या झाडाकडं बघून आकडा सांगतो आणि आपण मान हलवतो.

म्हणून जुना हिशेब पुन्हा शिकून घ्या. ओंडक्याच्या मध्यावर, साल सोडून, दोरीनं घेर घ्या. तो इंचात मोजून 4 नं भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग फुटातल्या लांबीनं गुणा आणि 144 नं भागा. उत्तर घनफुटात येतं. समजा घेर 48 इंच आणि लांबी 10 फूट आहे. चौथाई 12, बारा बारे 144, म्हणून माल 10 घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. या मापात कापणीची घट आधीच धरलेली आहे, हे ध्यानात ठेवा. वर आणखी घट कुणी मागितली, तर कशाची ते विचारा.

घेराकडं तर डोळ्यांत तेल घालून बघा. त्याच ओंडक्याचा घेर 48 ऐवजी 44 धरला, तर माल 8.4 घनफूटच भरतो. चार इंचांत दीड घनफुटाहून जास्त लाकूड गेलं! सागाच्या भावानं त्याचे किती होतात, ते घरी मांडून पाहा.

झाड आपलं असलं, तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगीची चौकशी करा. महाराष्ट्रात त्यासाठी 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आणि सौदा उभ्या झाडाचा करण्यापेक्षा, जमेल तिथं, मोजलेल्या मालाचा करा.

त्या चौथऱ्यावर बसून हा हिशेब पोराकडून एकदा करवून घ्या. पडलेलं एखादं खोड जवळ असेलच. दोरी तेवढी घरून न्यायला विसरू नका.