भूकंप-अभ्यासगटांच्या शिफारशी अमलात आणण्याबाबत निवेदन

प्रति,
बांधकाम परवानगीचे माननीय सक्षम अधिकारी, जबलपूर

महोदय,

हे निवेदन देणाऱ्या रहिवाशांना नवी समिती नको आहे. तज्ज्ञ येऊन गेले, अहवाल लिहून झाले. त्यातल्या शिफारशी परवानगीच्या टेबलापर्यंत कधी पोचणार, एवढेच ते विचारत आहेत आणि हे विचारण्याची त्यांची ही पहिली वेळ नाही.

२२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे ६ रिश्टरच्या भूकंपाने शहर हादरले. किमान ३८ माणसे दगावली. आयआयटी कानपूरच्या अभ्यासकांचे पथक पाहणीला आले. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती पडल्या, यात नवल नव्हते. पण खाली गाड्यांसाठी मोकळे खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा नव्या इमारतींनाही तळमजल्यावरच मार बसला. वरचा भाग ताठ, खालचे खांब उघडे. धक्क्याचा सगळा ताण त्या खांबांच्या टोकांवर आला. तरीही शहरात नेमक्या याच पद्धतीच्या इमारती उठत राहिल्या. खांबांमध्ये भिंती घाला किंवा खांब त्या हिशेबाने मजबूत करा, हे सांगायला आणखी कोणता भूकंप हवा?

किल्लारीच्या भूकंपात १९९३ साली हजारो माणसे गेल्यावर केंद्राने १९९४ मध्ये आनंद आर्य यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्याच्या कामातून देशाचा आपत्ती-धोक्याचा नकाशासंग्रह १९९७ मध्ये निघाला. पुढे भूकंपधोक्याच्या सूक्ष्म विभागणीसाठी देशात सर्वप्रथम जी शहरे घेतली गेली, त्यांत जबलपूर होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासह रुरकी आणि हैदराबादच्या संस्थांचे शास्त्रज्ञ त्यात होते. मदनमहालच्या ग्रॅनाइटवर तोल सावरून बसलेला खडक १९९७ च्या धक्क्यातही जागचा हलला नाही. गाळाच्या किंवा काळ्या मातीवरच्या घराला तसा भरवसा देता येत नाही. कोणत्या भागात जमीन किती हलेल, हे सांगण्यासाठीच सूक्ष्म विभागणीचा तो खटाटोप होता.

नियम अधिकाऱ्यांना ठाऊक आहेत, ते इथे उगाळायची गरज नाही. मागे विचारले तेव्हा ‘फाइल वर पाठवली आहे’ असे सांगण्यात आले. पुढच्या खेपेला ‘नकाशा संगणकावर चढवतोय’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर तेही नाही.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक नव्या परवानगीवर त्या जागेचा धोका-विभाग लिहिला जावा आणि मोकळ्या तळमजल्याच्या जुन्या इमारतींची अभियंत्यांकडून तपासणी सुरू व्हावी. अशा इमारतींची यादी रहिवाशांना पाहता यावी. यापूर्वी तपासणीचे हे काम ‘पावसाळ्यानंतर’ करू म्हणून सांगितले होते. पावसाळे येऊन गेले. शाळा आणि दवाखान्यांच्या इमारती आधी घ्याव्यात. अहवाल हिंदीत, साध्या भाषेत मिळावेत.

या निवेदनाची पोच शिक्क्यासह द्यावी. ‘विचाराधीन’ हे उत्तर रहिवाशांनी यापूर्वी घेतलेले आहे. या वेळी उत्तरात काम सुरू होण्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे.

आपले,
जबलपूर शहरातील रहिवासी