खिडकी कुठली घ्यायची?

दोस्तांनो, विमानात खिडकी मिळाली की झालं, असं वाटतं ना? पण बाजू चुकली, तर हिमालय पलीकडच्या खिडकीत आणि तुम्ही बघताय सपाट मैदान!

घ्या बरं नकाशा. दिल्लीवर बोट ठेवा आणि काठमांडूकडे सरकवा. बोट पूर्वेकडे चाललं. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर कुठे? डाव्या हाताला! हिमालय उत्तरेला, म्हणून जाताना डावी खिडकी, येताना उजवी. ('ए' अक्षराची जागा डावीकडच्या खिडकीची, एवढं लक्षात ठेवा.) हवा स्वच्छ असली तर आधी धवलगिरी, ८,१६७ मीटर उंच! मग अन्नपूर्णा, मग मनास्लू, अशी शिखरं ओळीनं येतात. एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला आहे, तेव्हा त्याचा हट्ट नको. पावसाळ्यात तर नुसते ढगच. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे आपल्या डोळ्यांवर ऊन नाही आणि शिखरं मात्र लख्ख उजळलेली!

पंखाजवळच्या ओळी टाळा, नाहीतर खाली पंखाचा पत्राच दिसायचा. हवी ती जागा आधी निवडायला कधीकधी जादा पैसे पडतात, तेव्हा आईबाबांना विचारूनच हं.

विमानात बसायचा योग नाही? मग हे सोडवा. सकाळची एसटी कोल्हापूरहून पुण्याला निघाली. ऊन कुठल्या बाजूला येईल आणि तुम्ही कुठे बसाल?