शिर नसलेली देवी आणि टिकीचा पेला
#थ्रेड

१/ शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणदार पेटी सापडली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर होती दुसरी, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल.

२/ या मूर्तीच्या पोटाला छिद्र आहे, बैलाच्या पाठीवरही आहे. काडी बसवली की ती बैलावर आरूढ होते. मूर्ती आणि बैल वेगवेगळ्या बाजारांत विकले गेले असते, तर हे नाते कायमचे पुसले गेले असते. उरल्या असत्या शोभेच्या दोन वस्तू.

३/ असे पुसले जाणे जगात अन्यत्र मोठ्या प्रमाणावर घडले आहे. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये बांबू, रम आणि लाकडी मुखवट्यांनी सजलेले बार सुरू झाले. तीच 'टिकी' संस्कृती. आज अमेरिकेत 'टिकी ओॲसिस'सारखी तिची संमेलने भरतात.

४/ माओरी परंपरेत टिकी हा आदिमानव. रापा नुई बेटावरील मोआई या पूर्वजांच्या शिल्पमूर्ती. संमेलनात मात्र त्यांच्या आकाराचे पेले विकले जातात.

५/ आता इतिहास पाहा. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने हवाईची राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली. १९६६ ते १९९६ या काळात फ्रान्सने पॉलिनेशियात १९३ अणुचाचण्या केल्या. पेल्यावरचे बेट नेहमी सुखी असते, कारण त्यावर माणसेच नसतात.

६/ टिकीप्रेमींचा युक्तिवाद असा, की ही कला पॉलिनेशियाची नसून अमेरिकेच्या स्वप्नरंजनाची आहे. युक्तिवादात तथ्य आहे. परंतु मग संमेलनाने तेवढेच म्हणावे. 'पॉलिनेशियाचा वारसा' हे बिरुद स्वप्नाला लावता येत नाही.

७/ महाराष्ट्राने हसू नये. वारली चौक लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने रेखतात. त्यात पालघट देवी विराजमान होते, धवलेरी गाते. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. आज तेच आकार हॉटेलांच्या भिंतींवर आणि चहाच्या कपांवर दिसतात. देवी नाही, गाणे नाही, बहुधा वारली चित्रकारही नाही.

८/ कला प्रवास करते, करावीच. म्हशे यांनी स्वतः तिला भिंतीवरून उतरवले. प्रश्न एवढाच, की प्रवासात तिच्यासोबत तिची माणसे असतात का. त्यांचे नाव, त्यांचा मोबदला, त्यांचा नकार देण्याचा हक्क.

९/ इनामगावच्या त्या घरातील माणसांना आता काही विचारता येत नाही. म्हणून उत्खननकर्त्यांनी पेटी, झाकण, बैल, छिद्र यांची नोंद जपली. मूकांची साक्ष तेवढीच असते. वारली आणि माओरी मात्र आज बोलत आहेत. त्यांना न विचारता त्यांची चिन्हे साजरी करणे म्हणजे जिवंत माणसांना उत्खननातील अवशेष मानणे होय.