आधी आखीव पत्रिका काढा

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात हल्ली एक नवा शब्द फिरतोय: फॅमिली ट्रस्ट. खाली कापडाचं दुकान, वर तीन भावांचे संसार अशा एका ओळखीच्या घरी परवा त्यावरच चर्चा रंगली. धाकट्यानं मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकलेलं. ‘‘मृत्युपत्र जुनं झालं भाऊ, आता ट्रस्टच.’’ मी कागद मागितले. प्लॅस्टिकच्या थैलीतून आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, निघाली. तिच्यावर नाव आजोबांचं, फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या. ते मृत्युपत्र न करता गेले, पुढे वडीलही तसेच गेले. फेरफार कुणी केलाच नाही.

मग ट्रस्टमध्ये घालणार काय आणि मृत्युपत्रात लिहिणार काय? दोन आत्या आहेत, एक उल्हासनगरला, एक इथंच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यांचाही हिस्सा आहे. आधी त्यांचं हक्कसोडपत्र किंवा सगळ्यांचं वाटणीपत्र, त्याची नोंदणी, मग फेरफार. हे ऐकल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. तेवढ्यात चहा आला.

‘‘पण बँकेत नॉमिनी लावलाय ना!’’ हे तर घरोघरचं. ‘कालनिर्णय’च्या जयंत साळगावकरांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं. 2013 मध्ये ते गेले. त्यांच्या म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: नॉमिनी मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा.

नावं एकदा लागली की बहुतेकांना मृत्युपत्र पुरतं, असं माझं मत. साधा कागद, दोन साक्षीदार, मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक (तरी करावी), आणि मन बदललं तर नवं करता येतं. मुंबईत 2025 पर्यंत होती तशी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घेण्याची, सक्ती नागपुरातल्या हिंदू कुटुंबांना कधी नव्हतीच. आणि मृत्युपत्र लहान माणसांचं, असंही नाही. पलीकडच्या कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानंच आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली. 1942 मध्ये त्यातून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) उभी राहिली.

ट्रस्टला 1882 चा कायदा. स्थावर मालमत्ता हयातीत ट्रस्टमध्ये घालायची तर नोंदणीकृत दस्त, मुद्रांक शुल्क, विश्वस्त, दरसालचे हिशेब. कर वाचेल म्हणून एवढा खटाटोप करू नये.

या घरात मात्र त्याला एक खरं कारण आहे. थोरल्याचा मुलगा तिशीचा, बौद्धिक दिव्यांग. मृत्युपत्रानं दुकानाचा हिस्सा थेट त्याच्या नावावर आला, तर भाडं कोण वसूल करणार, औषधं कोण आणणार? त्याच्यापुरता ट्रस्ट हवाच, आणि तो मृत्युपत्रातच लिहिता येतो. आई-वडिलांच्या मागे सुरू होतो. फक्त धाकटा काकाच एकटा विश्वस्त आणि पुतण्याच्या मागे मालकही तोच, ही मांडणी मला पसंत नाही, आणि ते मी त्याच्यासमोरच बोललो. जोडीला बाहेरचा एक माणूस हवा, शक्यतो घरचे हिशेब पाहणारा सीए.